जुनी जीप घ्यायचीये? विलीस, एमएम ५४०, जिप्सी की जोंगा, ते असं ठरवा

पावसाळा लागला की मोबाईलवर एक रील हमखास येतं. ताम्हिणी घाट, धुकं, छप्पर काढलेली जुनी जीप आणि चाकांखालून उडणारा चिखल. त्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "भावा, कितीला पडली?"

प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिला नाही. जुन्या जीपच्या बाबतीत किंमत हा तिसरा प्रश्न. पहिला, तुम्हाला तिचं नेमकं करायचंय काय? दुसरा, तिची कागदपत्रं खरी आहेत का? ही दोन उत्तरं न मिळवता गाडी घेणारे सहसा दोन प्रकारे अडकतात. एकाच्या अंगणात ताडपत्रीखाली जीप उभी असते, कुठल्यातरी सुट्या भागाची वाट बघत. दुसऱ्याची गाडी झक्कास चालते, पण आरटीओच्या लेखी ती गाडी वेगळीच असते.

आपल्याकडे हौसेच्या बाजारात मुख्यतः चार नावं फिरतात. चारही गाड्यांना "जीप" म्हटलं जातं, चारही चिखलात छान दिसतात, पण चौघींचे स्वभाव पूर्ण वेगळे आहेत.

विलीस, आणि "विलीस" म्हणून विकली जाणारी

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला हलकी आणि कुठेही घुसणारी गाडी हवी होती. विलीस कंपनीने ती बनवली. मागणी इतकी वाढली की फोर्डलाही तीच गाडी बनवायला घेतलं. विलीसची एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू मिळून सहा लाखांहून जास्त जीप तयार झाल्या. २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन, ६० हॉर्सपॉवर, तीन गिअर आणि ६ व्होल्टची बॅटरी. युद्ध संपल्यावर यातल्या काही भारतातच राहिल्या.

१९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्राने (तेव्हाचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद) स्वातंत्र्याच्या सुमाराला विलीस जीपच्या जोडणीचं काम हाती घेतलं, ते मुंबईत माझगावला. पुढे सीजे ३बी हे मॉडेल इथे अनेक वर्षं बनत राहिलं. अमेरिकेत ते १९६८ मध्ये बंद झालं, तरी आपल्याकडे चालूच होतं. तहसीलदार, साखर कारखाना, निवडणुकीचा प्रचार, जुन्या मराठी सिनेमातला पाटील, सगळ्यांकडे दिसणारी जीप बहुधा हीच किंवा हिची बहीण.

ओळखायची कशी? सीजे ३बीचं बॉनेट उंच असतं. कारण तिच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये गेले आणि इंजिनाची उंची वाढली. ते झाकायला बॉनेट वर उचलावं लागलं. युद्धातल्या जीपचं बॉनेट बुटकं, आणि समोरच्या जाळीत नऊ उभ्या फटी. युद्धानंतरच्या नागरी विलीसला सात. फोर्डच्या जीपमध्ये बोल्टपासून बऱ्याच भागांवर इंग्रजी एफ अक्षर उठवलेलं असायचं. बंपरच्या मागे चेसिसचा पुढचा आडवा दांडा बघा. गोल नळीसारखा असेल तर विलीस, उलट्या यू आकाराचा असेल तर फोर्ड.

हे सगळं सांगायचं कारण असं की आपल्याकडे "ओरिजनल विलीस" म्हणून दाखवली जाणारी गाडी बऱ्याचदा महिंद्राची असते. जाळी बदललेली, बॉनेट कापून बुटकं केलेलं, वर ऑलिव्ह हिरवा रंग आणि पांढरा तारा. अशी गाडी घेण्यात काहीच गैर नाही. फक्त पैसे महिंद्राचे द्या, महायुद्धाचे नकोत.

चालवायला ही गाडी म्हणजे व्यायाम आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक, पॉवर स्टिअरिंग नाही, ८० इंचांचा आखूड व्हीलबेस. ताशी ५०-६० किलोमीटरपर्यंत मजा, त्यापुढे देवाचं नाव. पुणे-मुंबई करायला ही गाडी घेऊ नका. गावाकडे, शेतावर, रविवारी सकाळी चहाला जाण्यासाठी आणि रॅलीसाठी घ्या.

एमएम ५४०: घोड्यापेक्षा बैल

१९८०च्या दशकात महिंद्राने एमएम ५४० आणली. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचं एक्सडीपी जातीचं डिझेल इंजिन, २,११२ सीसी, साधारण ६२ हॉर्सपॉवर. व्हीलबेस ९१ इंच, म्हणजे सीजे ३बीपेक्षा जवळपास फूटभर जास्त. त्यामुळे ती चढावर जास्त स्थिर आणि मागे बसणाऱ्यांना जरा बरी. नंतर मोठ्या २.५ लिटर इंजिनाची एमएम ५५० आली.

या गाडीचं मोठं बळ म्हणजे तालुक्याच्या गावातला मेकॅनिकही तिला ओळखतो. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला धुंडाळलंत तर बहुतेक भाग मिळून जातात. तिच्यात इलेक्ट्रॉनिक्स जवळपास नाही. एकदा सुरू झालं की हे डिझेल इंजिन विजेशिवायही चालत राहतं, आणि नदीनाल्यात उतरणाऱ्यांना ही गोष्ट फार मोलाची वाटते. थंडीत मात्र हीटर प्लग धड नसतील तर सकाळी स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरते.

एक सापळा इथे आहे. महिंद्राच्या अनेक जीप फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या होत्या. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून खाली वाका आणि पुढच्या अॅक्सलकडे बघा. मधे डिफरन्शियलचा फुगीर गोल भाग आणि त्याला येणारा शाफ्ट दिसला तरच ती फोर बाय फोर. आत दोन जादा लिव्हर आहेत, एवढ्यावर विश्वास ठेवू नका. लिव्हर लावायला कितीसा वेळ लागतो!

जिप्सी: पहिल्यांदाच घेत असाल तर

माझं मत स्पष्ट आहे. ही हौस पहिल्यांदा करत असाल आणि गाडी खरोखर चालवायची असेल, तर जिप्सी घ्या.

मारुतीने ती १९८५च्या अखेरीस आणली. सुरुवातीच्या जिप्सीला ९७० सीसीचं इंजिन आणि चार गिअर होते. १९९६ मध्ये १.३ लिटरची जिप्सी किंग आली, पाच गिअरची. २००० साली तिला कार्ब्युरेटरच्या जागी एमपीएफआय मिळालं आणि ताकद ८० हॉर्सपॉवरवर गेली. गाडीचं वजन मात्र साधारण एक टनच. चिखलात हलकेपणा किती कामाला येतो हे पाहायचं असेल तर एकाच खड्ड्यातून आधी एमएम ५४० आणि मग जिप्सी जाताना बघा. जीप चिखलात बसते आणि मग ताकदीने उठते. जिप्सी बऱ्याचदा बसतच नाही.

बरं, ती हायवेवर ८० च्या वेगाने बिनधास्त जाते, सकाळी एका चावीत सुरू होते आणि लष्कराने ती इतकी वर्षं वापरल्यामुळे सुट्या भागांची साखळी अजून तुटलेली नाही. सर्वसामान्य ग्राहकांसाठी ती २०१९ च्या सुमारास बंद झाली, म्हणजे तुलनेने तरुण गाडीही मिळू शकते.

तोटे? चारही बाजूंना पाटे आहेत, त्यामुळे रिकामी जिप्सी स्पीडब्रेकरवर उडते. मागे आडव्या बाकांवर बसणारे पाहुणे दुसऱ्यांदा येत नाहीत. आणि पत्रा गंजतो. कोकणातली किंवा मुंबईत किनाऱ्याजवळ राहिलेली जिप्सी असेल तर फ्लोअर, मागच्या पाट्यांचे हँगर आणि पुढच्या काचेच्या चौकटीचा खालचा भाग बारकाईने तपासा. इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं. हँगरपाशी चेसिसच कुजलं असेल तर त्या गाडीला नमस्कार करून निघा.

जोंगा

नाव ऐकून आफ्रिकेतलं वाटतं, पण ते जबलपूरचं आहे. जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली या नावाची आद्याक्षरं म्हणजे जोंगा. मूळ गाडी जपानची निसान पेट्रोल (हे तिचं मॉडेल, इंधन नव्हे, जरी इंधनही तेच असलं तरी). सहा सिलिंडर, जवळपास चार लिटरचं इंजिन. १९६९ पासून ती लष्करासाठी बनू लागली आणि १९९० च्या दशकाअखेरीपर्यंत बनत होती.

रुबाबात हिच्या जवळपास कुणी नाही. पण ती लांबरुंद आहे, तहानलेली आहे आणि तिचे भाग शोधणं हा स्वतंत्र छंद आहे. घरी जागा, ओळखीचा जुना मेकॅनिक आणि शिवाय रोजच्या वापराला दुसरी गाडी, हे तिन्ही असेल तरच हिच्या वाटेला जा.

"विंटेज" म्हणजे काय, आणि ते तुम्हाला हवंय का?

विकणारा प्रत्येक जण विंटेज हा शब्द वापरतो. कायद्यात मात्र त्याला अर्थ आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल करून ठरवलं की पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात असलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे विंटेज वाहन. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,००० रुपये, मुदत १० वर्षं. नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाडीच्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए ही अक्षरं येतात. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो.

आता हिशेब करा. एमएम ५४० आणि जिप्सी दोन्ही ऐंशीच्या दशकातल्या, त्यांची पन्नाशी अजून दूर आहे. म्हणजे विंटेज फक्त विलीस, जुनी सीजे ३बी आणि सुरुवातीची जोंगा. त्यातही जुन्या पेट्रोल जीपमध्ये मधल्या काळात कुणी डिझेल इंजिन बसवलेलं असेल, आणि असं सर्रास झालेलं आहे, तर मूळ रूपाची अट तिथेच मोडते.

आणखी एक गोष्ट. विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्तीला नेणं यांसारख्या कामांपुरतीच ती रस्त्यावर आणायची मुभा आहे. दर शनिवार-रविवार भटकायचं असेल तर हा शिक्का तुमच्या कामाचा नाही. त्यापेक्षा साधी, वेळोवेळी नूतनीकरण झालेली नोंदणी असलेली गाडी शोधा.

कागद आधी, गाडी नंतर

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. १५ वर्षांवरील कारच्या नूतनीकरणाचं शुल्क २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झालं, आणि जुन्या गाड्यांचे दर त्यानंतरही वरच गेले आहेत. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर लागतो. मागच्या मालकाने दहा वर्षं काहीच भरलं नसेल तर थकबाकी तुमच्या गळ्यात पडते. म्हणून सौद्याआधी आरटीओतून पूर्ण आकडा काढा.

एमपरिवहन अॅपवर नंबर टाकला की मालकाचं नाव, नोंदणीची तारीख, फिटनेसची मुदत, कर्जाचा बोजा दिसतो. काहीच दिसलं नाही तर? जुन्या तीन अक्षरी नंबरांच्या गाड्यांची नोंद अनेकदा कागदी रजिस्टरमध्येच राहिलेली असते. ती संगणकावर चढवून घ्यावी लागते. याला बॅकलॉग एन्ट्री म्हणतात, आणि ती करून देण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर टाका. "तुम्ही घ्या, नंतर करून देतो" हे वाक्य कानावर पडलं की पैसे खिशात परत.

मग चेसिस नंबर. आरसी बुकातला नंबर आणि चेसिसच्या दांड्यावर ठोकलेला नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. रंगाचा थर खरवडा, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि छाप घ्या. आरटीओतही हेच करतात. अक्षरं वाकडीतिकडी, आजूबाजूला वेल्डिंग किंवा घासल्याच्या खुणा असतील तर तिथेच थांबा. बाजारात अशाही जीप असतात ज्यांचं चेसिस एका गाडीचं, बॉडी दुसरीची, इंजिन तिसरीचं आणि कागद चौथीचे, ती चौथी कधीच भंगारात गेलेली. गाडी चोरीची निघाली किंवा अपघात झाला आणि विमा कंपनीने नंबर तपासला, की प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत जातं. तिथे "मला माहीत नव्हतं" एवढं म्हणून सुटका होत नाही.

पंजाब-हरियाणाच्या सीमेवरचं मंडी डबवाली हे गाव जीप नव्याने बांधून देण्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. तिथल्या कारागिरांचा हात चांगला आहे यात वाद नाही. पण तुम्हाला हवी तशी नवीकोरी "जुनी" जीप मिळते तेव्हा तिचे कागद कुठल्या गाडीचे, हा प्रश्न जास्त जोरात विचारायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं की कंपनीने ठरवलेल्या मूळ स्वरूपापासून गाडी बदलता येत नाही. इंजिन बदलायचं असेल तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद हवी.

दिल्लीहून येणाऱ्या स्वस्त गाड्यांचंही असंच. तिथे १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले आणि कित्येक गाड्या ना हरकत प्रमाणपत्र घेऊन इतर राज्यांत निघाल्या. एखादी एमएम ५४० तिकडे निम्म्या किमतीत दिसली तर मोह होणारच. पण ती इथे नोंदवली जाईल का, कर किती लागेल, हे आधी आपल्या आरटीओत जाऊन विचारा आणि मगच ट्रेनचं तिकीट काढा.

लष्कराने काढलेल्या गाड्या लिलावात विकल्या जातात. त्या घेताना लिलावाची विक्रीपत्रं मूळ स्वरूपात आणि साखळी न तुटता मिळाली पाहिजेत. सरकारी खात्यांच्या जुन्या जीपची गोष्ट वेगळी. १५ वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द होते आणि त्या भंगारातच जातात. "पंचायत समितीच्या लिलावातली आहे, पेपर होतील" असं आज कुणी सांगत असेल तर ते होणार नाहीत.

गाडी बघायला जाताना

सकाळी जा, आणि इंजिन गार असतानाच पोहोचा. तुम्ही यायच्या आधीच गाडी सुरू करून ठेवली असेल तर बॉनेटला हात लावून बघा, कळेल. गार इंजिन किती स्टार्टरमध्ये उठतं, धूर कसला येतो ते पाहा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त जातंय, पंप-नोझलचं काम. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल तर मोठा खर्च. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडा. तिथून भकाभका वाफ येत असेल तर रिंग-पिस्टन गेलेत.

खिशात लोहचुंबक ठेवा. पत्र्यावर फिरवताना तो जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे, आपल्या पेंटरच्या भाषेत लांबी. एखाद्या ठिकाणी असेल तर चालतं. दारापासून मागच्या फळीपर्यंत लांबीच असेल तर तुम्ही गाडी नाही, मूर्ती विकत घेताय. मग गाडीखाली झोपा. होय, झोपाच. स्क्रूड्रायव्हरने चेसिसचे दांडे टोचा. टणक आवाज हवा.

फोर व्हील तपासायचं ते मातीवर. या चारही गाड्यांत मधलं डिफरन्शियल नाही, त्यामुळे डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकून वळण घेतलं की गिअर आणि शाफ्टवर ताण येतो. मोकळ्या मातीत फोर लो टाका, चढावर हळू न्या, पुढची चाकं खरंच खेचतात का ते बाहेर उभ्या मित्राला बघायला सांगा. उतारावर अॅक्सिलरेटर सोडल्यावर गिअर निसटतो का, तेही पाहा. स्टिअरिंगचा खेळ थोडा असणारच, पण हातभर फिरवल्यावरही चाक हलत नसेल तर बॉक्सपासून किंगपिनपर्यंत सगळं काढावं लागेल.

पेट्रोल गाडी असेल तर आणखी एक तपासणी, जी दहा वर्षांपूर्वी कुणी केली नसती. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबरी नळ्या, कार्ब्युरेटरच्या सीलना ते मानवत नाही. घेतल्या घेतल्या सगळ्या इंधन नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसवून घ्या. गळक्या नळीखाली तापलेलं इंजिन असतं, त्यामुळे हे काम पुढच्या महिन्यावर ढकलायचं नाही.

पैशांचं

ठोस किमती इथे मुद्दाम देत नाही, कारण एकाच वर्षाच्या दोन जीपमध्ये कागद आणि पत्र्यावरून दुप्पट-तिप्पट फरक पडतो. पण एक अंदाज धरा: गाडीला जेवढे देताय त्याच्या निम्मे तरी पहिल्या वर्षात तिच्यावर जातात. विलीस किंवा जोंगा पूर्ण उघडून बांधायची असेल तर गाडीच्या किमतीइतके किंवा त्याहून जास्त. त्यामुळे पाच रुपये असतील तर पाचाची गाडी घेऊ नका, तीनाची घ्या. आणि रंगवलेल्या चकचकीत गाडीपेक्षा रंग उडालेली, पण चेसिस धड आणि कागद चोख असलेली गाडी कधीही चांगली. रंग काय, नंतर देता येतो.

सौदा झाला की ती पहिल्याच दिवशी दोनशे किलोमीटर चालवत घरी आणू नका, कितीही वाटलं तरी. टोइंगवर आणा. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही अॅक्सल, सगळं ऑइल बदला. ब्रेक सिलिंडरची रबरं बदला. टायरवरचा चार आकडी कोड वाचा. पहिले दोन आकडे आठवडा, शेवटचे दोन वर्ष. २३०९ असेल तर तो टायर २००९ च्या जूनमधला आहे, त्यावर नक्षी कितीही शिल्लक दिसली तरी. स्टेपनीचाही कोड वाचा. बऱ्याचदा सगळ्यात जुना टायर तोच असतो.